बाजूचं कपाट

आमच्या घरात त्याला तीन नावं होती. बाबा साइडबोर्ड म्हणत, भांडी घासायला येणाऱ्या मावशी सायबोट म्हणत आणि आई बाजूचं कपाट म्हणे. कशाच्या बाजूचं, हे तिला कुणी विचारलं नाही. जेवणाच्या टेबलाच्या बाजूचं, असं आम्ही आपलं धरून चाललो होतो. बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं की आईच्या मनात टेबल नव्हतंच, ताट होतं. पान वाढावं तसं तिनं ते कपाट लावलं होतं. डावीकडच्या कप्प्यात लोणच्याच्या बरण्या, चटण्यांचे डबे, मेतकूट, सांडगी मिरच्या. उजवीकडे आमटी-भाजीची वाढायची भांडी. मधल्या खणात मीठ आणि तुपाची तामली. पाहुण्या आलेल्या मावशीनं एकदा मुरांब्याची बरणी चुकून उजवीकडे ठेवली, तर आईनं काही न बोलता ती उचलून डावीकडे नेली. चटणी पानात उजवीकडे वाढली गेली तर तिचा हात असाच पुढे होई.

ते कपाट आमच्याकडे आलं १९७४ साली. गिरगावातल्या चाळीच्या दोन खोल्या सोडून आम्ही मुलुंडला राहायला गेलो त्याच वर्षी. चाळीत जेवण जमिनीवर. पाट मांडायचे, जेवण झालं की भिंतीला उभे करायचे, खरकटं काढायचं, आणि त्याच जागी रात्री गाद्या पडायच्या. मुलुंडच्या घरात जेवणासाठी म्हणून वेगळी जागा होती, आणि बाबांनी तिथं सनमायकाचं टेबल आणि चार खुर्च्या आणल्या. त्यांच्या बँकेतले एक पारशी साहेब तेव्हा निवृत्त होऊन दादरचं घर आवरत होते. त्यांच्याकडच्या बऱ्याच वस्तू दलाल घेऊन गेला होता, हे एक धूड मात्र जिन्यातून कसं उतरवायचं म्हणून राहिलं होतं. बाबांनी ते घेतलं. चार हमालांनी ते वर चढवलं आणि दारातून आत येताना त्याचा एक पाय चौकटीला घासला. चौकटीवरचा तो ओरखडा घर विकेपर्यंत होता.

पाच फूट लांब, काळ्या शिसवीचं. वर पांढऱ्या संगमरवराची एकसंध लादी, पाठीला कडा तासलेला आरसा, आरशाच्या खाली एक अरुंद फळी. समोर तीन खण आणि त्याखाली दोन कप्पे, कप्प्यांच्या दारांवर द्राक्षांचे घोस कोरलेले. मधला खण ओढला की आत हिरवी बनात चिकटवलेली, आणि बनातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांनी पाडलेली लांबट घरं. ती काटे-सुऱ्यांसाठी होती. आमच्याकडे काटे नव्हते, आणि सुरी होती ती कांदे चिरायची. आईनं त्या घरांमध्ये पळी, डाव, झारा आणि आजीचं पितळी ओगराळं ठेवलं. ओगराळ्याचा दांडा लांब, तो बसेना, म्हणून बाबांनी एक पट्टी करवतीनं कापून दिली. ती कापलेली जागा अजून तशी आहे. नवं दिसणारं फिकट लाकूड आता बाकीच्या इतकंच काळं झालंय.

ही वस्तू नेमकी कशासाठी असते, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिली दोन-तीन वर्षं तिचा उपयोग कपाट म्हणूनच झाला. संगमरवरावर बाबांचा रेडिओ, देवघरात न मावलेली एक तसबीर आणि विजेची बिलं असत. टेबल आलं तरी जेवणाची रीत जमिनीवरचीच राहिली होती. फक्त बसणारे दोन फूट वर गेले होते. बाबा, आजी, आम्ही दोघी बहिणी खुर्च्यांवर, आणि आई ओटा ते टेबल अशी ये-जा करत. तव्यावरची पोळी फुगली की चिमट्यानं धरून थेट आमच्या ताटात. "आमटी हवी का?" "भात आणू?" "अगं, ताक घे की." चौघांची जेवणं उरकली की ती पातेल्याच्या तळाशी उरलेलं ताटात घेऊन एकटी बसायची. खुर्च्या चार होत्या आणि माणसं पाच होती. पाचवी खुर्ची आणावी असं त्या काळात आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. हे लिहिताना आज माझा हात थांबतो.

आईचा दोष नव्हता आणि बाबांचाही एकट्यांचा नव्हता. आमचं जेवणच तसं रचलेलं आहे. आपल्या पंगतीत जेवणारा बसलेला असतो आणि अन्न चालत त्याच्याकडे येतं. पहिल्यांदा मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग भाजी, मग भाताची मूद, वर वरण, वर तूप. प्रत्येक पदार्थ कुणाच्या तरी हातातून, वाकून, पानातल्या ठरलेल्या जागी पडतो. म्हणजे कुणीतरी उभं असावंच लागतं. लग्नकार्यात ते काम वाढपी करतात, चार दिवस केलं की ती पाठदुखी संपते. घरात मात्र ते काम एकाच माणसाच्या पाठीवर असतं, रोज दोन वेळा, आणि तिच्या पानात कोण वाढतं हा प्रश्न पंगतीच्या रचनेत कुठेच येत नाही.

१९७७ साली आईला शाळेत नोकरी लागली. दुपारची शाळा, घरी यायला साडेसहा-सात. यायची आणि तशीच ओट्याकडे वळायची. पहिल्या पंधरवड्यात एका रात्री पोळ्या लाटता लाटता तिला भोवळ आली. पडली नाही, ओट्याला धरून खाली बसली. दुसऱ्या दिवशी बाबांनी संगमरवरावरचा रेडिओ उचलून बाहेरच्या खोलीत नेला, तसबीर काढली, बिलं खणात घातली आणि ओल्या फडक्यानं लादी पुसली. संध्याकाळी आईनं पोळ्या एकदमच करून डब्यात घातल्या. बाबांनी आमटीचं पातेलं चुलीवरून उचललं ते सरळ संगमरवरावर आणून ठेवलं. लाकडावर असं ठेवता आलं नसतं, पांढरा डाग पडला असता. दगडाला काही होत नव्हतं. भाताचं भांडं, भाजी, पोळ्यांचा डबा, सगळं ओळीनं मांडलं. बाहेरच्या खोलीतली लाकडी खुर्ची टेबलाशी आली. "ज्याला जे हवं ते त्यानं उठून घ्यायचं," बाबा म्हणाले, आणि बायकोकडे न बघता स्वतःचं ताट घेऊन उभे राहिले.

आई बसली खरी, पण तिला बसून राहता येईना. कुणाची वाटी रिकामी दिसली की तिचे गुडघे खुर्चीतून वर यायचे. "बस, बस," असं आम्ही तिघं तिला म्हणत होतो. मग तिनं भात कालवला, एक घास घेतला, आमटीची वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, "गरम चांगली लागते की!"

पंधरा वर्षं ती बाई रोज आमटी करत होती. तिच्या हातच्या आमटीला गावभर नाव होतं. ती स्वतः ती रोज गार खात होती.

आजी त्या रात्री जेवली, पण तिला ते पटलं नाही, आणि तिचं न पटणंही मला इथं नीट मांडायला हवं. ती म्हणाली, "हातानं घेऊन खायचं म्हणजे खाणावळ झाली. वाढल्याशिवाय जेवण होतं का?" तिचं म्हणणं असं की माणूस आपल्या हातानं घेताना भुकेपेक्षा कमी घेतो, संकोचतो. पोटभर जेवू घालायला दुसऱ्याचा हात लागतो. आग्रह ही गोष्ट संगमरवरावर मांडून ठेवता येत नाही. आजी होती तोवर तिच्या पानात आम्ही वाढत राहिलो. आईच नाही, आम्ही सगळ्यांनी पाळी लावून. बाबांनीसुद्धा तिच्या भातावर ओगराळ्यानं तूप वाढलं आहे, आणि पहिल्यांदा त्यांनी धार जास्त सोडली तेव्हा आजीनं हाताचा पंजा पानावर आडवा धरला होता.

पुढे कॉलेजात असताना, आणि मग नोकरीत ग्रंथालयात रमत असताना, मी या कपाटाच्या कुळाचा शोध घेत गेले. एखाद्या वस्तूनं घरातल्या एका माणसाला खाली बसवलं असेल तर तिची मुळं बघावीशी वाटणारच.

तर त्याचा एक पूर्वज इटलीत आहे, त्याला क्रेदेन्झा म्हणतात. शब्दाचा अर्थ विश्वास. सरदार-दरकदारांच्या घरी अन्न मालकासमोर जाण्याआधी त्यात विष नाही ना हे बघायला कुणीतरी चाखायचं, आणि त्या चाखण्याचं नाव अन्न ठेवायच्या बाजूच्या टेबलाला मिळालं. आमच्याकडे नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाक करणारी जिभेला काही लावत नाही. मीठ किती पडलं हे ती वासावरून आणि हातावरून ओळखते. विश्वास दोन्हीकडे आहे, पण तो उलट्या दिशांनी वाहतो, असं मला वाटत आलंय.

खरा साइडबोर्ड मात्र इंग्लंडात १८व्या शतकाच्या उत्तरार्धात घडला. रॉबर्ट अ‍ॅडम हा वास्तुकार श्रीमंतांच्या भोजनगृहांची रचना करायचा. त्यानं भिंतीशी एक लांब टेबल, त्याच्या दोन्ही अंगांना दोन सुटे खांबासारखे कप्पे आणि त्यांवर कलश अशी मांडणी रूढ केली. एका खांबाला आतून कथलाचा पत्रा असे, त्यात ताटल्या गरम राहत. कलशांत पाणी, कधी पिण्याचं, कधी पेले विसळायचं. हळूहळू टेबल आणि खांब जोडले गेले आणि खण-कप्पे असलेली एकच वस्तू तयार झाली. जॉर्ज हेपलव्हाइट या सुताराचं नमुन्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ साली निघालं, पाठोपाठ थॉमस शेरेटनचं आलं, आणि या दोन पुस्तकांवरून गावोगावचे सुतार साइडबोर्ड करू लागले. पाठीला पितळी दांडी असे, तिला पडदा लावत, वाढताना भिंतीवर शिंतोडे उडू नयेत म्हणून. आमच्या कपाटाचा आरसा त्याच दांडीच्या जागी आलेला. त्याच काळात इंग्लंड बघायला गेलेला एक फ्रेंच तरुण सरदार साइडबोर्डच्या एका कप्प्यात लघवीचं भांडं ठेवलेलं बघून हबकला होता. बायका उठून गेल्या की पुरुष पीत बसत आणि कुणी खोलीबाहेर जात नसे. आजीला मी हे कधी सांगितलं नाही, बरंच झालं.

यॉर्कशायरमधल्या हेअरवुड हाउससाठी थॉमस चिपेंडेलनं १७७१ च्या सुमारास केलेला असा संच अजून तिथं आहे: साइडबोर्ड, दोन खांब, दोन कलश, दारू थंड ठेवायचं पात्र. रोजवुडवर सोनेरी धातूची वेलबुट्टी. मी त्याची छायाचित्रं तासन्तास पाहिली आहेत. त्याहून देखणी वस्तू सुतारानं केली असेल असं मला वाटत नाही. पण ते घर बांधणाऱ्या लॅसेल्स घराण्याचा पैसा बार्बाडोसच्या उसाचा होता, आणि तो ऊस गुलामांनी तोडलेला होता. त्या काळच्या साइडबोर्डांचं महोगनी लाकूडही जमैका-होंडुरासच्या जंगलांत गुलामांनीच पाडलेलं. अमेरिकेत थॉमस जेफरसननं मोंटिचेलोच्या आपल्या भोजनगृहात फिरतं दार बसवलं होतं, त्याच्या पाठीला फळ्या. पलीकडून गुलाम थाळ्या ठेवत, दार फिरवलं की थाळ्या अलीकडे. टेबलांजवळ छोट्या मजल्यांच्या घडवंच्या ठेवत, त्यांचं इंग्रजी नावच 'मुका वाढपी'. पाहुण्यांचं बोलणं वाढणाऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ही सोय. वाढणारा माणूस खोलीत नको, त्याचं काम मात्र हवं. आमच्या ओट्यामागची भिंत मला तिथं आठवली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याच्या घरी ती फिरती होती, एवढंच.

१९व्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडात जेवणाची नवी पद्धत आली. तोवर सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. आता ते एकामागून एक येऊ लागले, मांस साइडबोर्डवर कापलं जाऊ लागलं आणि नोकर ते प्रत्येकापाशी घेऊन जाऊ लागले. रशियन पद्धत म्हणत तिला. म्हणजे चक्क पंगतच. त्या काळात साइडबोर्ड फुगत गेला, आठ-आठ फूट लांब, छताला टेकणारे आरसे, कोरीव हरणं आणि ससे. पण त्याच घरांत सकाळची न्याहारी मात्र नोकरांशिवाय असे. अंडी, मासे, कलेजी झाकणाच्या चांदीच्या भांड्यांत साइडबोर्डवर ठेवलेली, आणि लॉर्ड असो की पाहुणा, ज्यानं त्यानं उठून घ्यायचं. बाबांनी मुलुंडला जे केलं ते त्या न्याहारीचंच रूप होतं. त्यांना ते कुठून सुचलं असेल? कुठल्या तरी इंग्रजी कादंबरीतून की पारशी साहेबांच्या घरी पाहिलेलं, कोण जाणे. मी विचारायची राहून गेले.

मग युद्धं आली, नोकर गिरण्यांत आणि कचेऱ्यांत गेले ते परत आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं लाकडाचं रेशन लावलं. बॉम्बनं घर गेलेल्यांना आणि नव्यानं संसार मांडणाऱ्यांनाच फर्निचर, तेही सरकारनं ठरवलेल्या मोजक्याच नमुन्यांचं. त्या मोजक्या नमुन्यांतही साइडबोर्ड होता. मला ही गोष्ट फार हृद्य वाटते. लाकडाची फळी न् फळी मोजली जात असताना कुणीतरी ठरवलं की पलंग, टेबल, खुर्ची यांच्याबरोबर जोडप्याला हेही लागेल. १९५३ साली हाय विकमच्या गॉम कारखान्यानं 'जी प्लॅन' नावानं फर्निचर आणलं, बुटके, लांब, सपाट, कोरीव कामाला फाटा दिलेले साइडबोर्ड. डेन्मार्कमध्ये त्याच सुमारास सागवानाचे साइडबोर्ड घडत होते. डेन्मार्कला सागवान कुठलं? सयामच्या जंगलांचं. तिथं एका डॅनिश कंपनीचे सागवानाचे मक्ते १९व्या शतकाच्या अखेरीपासूनचे. या सपाट साइडबोर्डांच्या काळात घरात वाढपी उरलाच नव्हता. ज्यांनी रांधलं त्यांनीच वाढायचं आणि त्यांनीच जेवायला बसायचं. साइडबोर्डची उंची कंबरेच्या खाली आली ती, मला वाटतं, म्हणूनच. उभ्या माणसाच्या हाताऐवजी ती बसलेल्याच्या हाताला जवळ झाली.

आमच्या कपाटाचा जन्म मात्र मुंबईचा. हे मला कळलं बाबा गेल्यानंतर, ते पुण्याला माझ्याकडे आणताना. सामान हलवणाऱ्यांनी लादी वेगळी न काढता तशीच उचलली, आणि टेम्पोतून उतरवताना ती मधोमध तडकली. दोन तुकडे झाले नाहीत, पण केसासारखी भेग या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. मी दोन दिवस जेवले नाही असं सांगितलं तर खोटं वाटेल. मग एका वयस्क पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावलं. जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. त्यांनी पहिल्यांदा सगळे खण बाहेर काढून उलटे केले आणि मला हाक मारली. खणांच्या तळाला पेन्सिलीनं आकडे होते, एक, दोन, तीन, गुजराती वळणाचे. खणाच्या बाजू आणि पुढची फळी जोडलेली होती पंख्यासारखे पसरणारे दात एकमेकांत अडकवून, खिळा एकही नाही. दात सगळे सारखे नव्हते. डावीकडचे बारीक, उजवीकडचे जरा जाड. "दोन हात आहेत," मिस्त्री म्हणाले. "एक उस्ताद, एक शिकाऊ." पाठीच्या फळ्या खोक्याच्या देवदाराच्या, एकीवर पुसट काळी छापील अक्षरं, वाचता न येणारी.

१९व्या शतकात मुंबईत असं काळ्या शिसवीचं फर्निचर खूप व्हायचं. मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगिनदास मास्टर रोडवर, त्याची दुकानं होती. लाकूड मलबारचं, नमुने इंग्रजी, कोरणारे हात इथले. गिऱ्हाईक गोरे साहेब आणि पारशी. आमचं कपाट त्याच वळणाचं, थोडं उशिराचं. ज्या दोघांनी ते जोडलं ते स्वतः बहुतेक जमिनीवर बसून, घरच्या बाईनं वाढलेलं जेवत असतील. काट्या-सुऱ्यांची घरं मोजून पाडताना त्यांना काय वाटत असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मिस्त्रींनी एका पायाचा खालचा भाग पॉलिश पेपरनं घासला, तोच पाय, मुलुंडच्या चौकटीला लागलेला. काळ्या थराखालून जांभळट तपकिरी रेषा निघाल्या, आणि खोलीत वास आला. गोडसर, गुलाबाच्या जवळचा. शिसवीला इंग्रजीत रोजवुड का म्हणतात ते मला नाकानं कळलं. शंभरेक वर्षं मेलेलं झाड अजून वास देत होतं. मग त्यांनी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली, मलमलीत कापसाचा बोळा गुंडाळला आणि गोल गोल हात फिरवत एकावर एक पातळ थर चढवले, दोन थरांमध्ये वाट बघत, आठ दिवस. याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. लाख मात्र आपल्याकडच्या पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांची, फ्रेंचांचीही आणि इंग्रजांचीही. लादीच्या भेगेत त्यांनी संगमरवराची भुकटी डिंकात कालवून भरली. "दिसेल," ते म्हणाले, "पण आमटी आत जाणार नाही." आमटीच का म्हणाले ते मी त्यांना विचारलं नाही.

माझी लेक लग्न होऊन इंग्लंडात गेली तेव्हा तिनं हे कपाट मागितलं. मी चौकशी केली. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पुरी झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. वर शिसवीच्या कुळातल्या सगळ्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून परवान्याचं बंधन आहे. मला आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाजही वाटली. तिनं तिकडे जुन्या सामानाच्या दुकानातून एक वापरलेला सागवानी साइडबोर्ड घेतला, १९६० च्या दशकातला. निमुळते पाय, सरकती दारं. किंमत आमच्याकडच्या नव्या प्लायवुडच्या क्रॉकरी युनिटपेक्षा कमी पडली. नव्या युनिटांवर माझा राग नाही. त्यांची दारं आवाज न करता मिटतात, लहान घरात बसतात. पण बहुतेक युनिटं काचेची असतात आणि आतली भांडी बाहेर न काढायची असतात. गरम पातेलं त्यांच्यावर कुणी ठेवत नाही, लॅमिनेट सोडतं. ज्यावर आमटी ठेवता येत नाही त्याला साइडबोर्ड म्हणायला माझी जीभ वळत नाही.

लेकीकडे गेले तेव्हा पाहिलं. तिच्या नवऱ्यानं डाळ शिजवली होती, ती त्या सागवानावर पाटीचा तुकडा ठेवून त्यावर मांडली होती. डाव्या कप्प्यात लोणची होती. मी तिला सांगितलं नव्हतं.

गेल्या दिवाळीला आम्ही सगळे पुण्याला जमलो होतो, चौदा माणसं. आई आता पंच्याऐंशीची आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पातेली मांडली, मुलं ताटं घेऊन रांगेत उभी राहिली, आईसाठी भिंतीकडेची खुर्ची राखून ठेवली. ती बसली. मग तिचे गुडघे वर आले. कुणी "बस" म्हणायच्या आत ती उठली, मधला खण ओढला, ओगराळं काढलं, तामलीत बुडवलं आणि एकेकाच्या पाठीमागे जात भातावर तूप वाढत गेली. धाकट्या पणतवानं ताट मागे ओढलं तर "अरे, एवढ्यानं काय होतंय," म्हणून तिनं आणखी एक धार सोडली. पूर्ण फेरी झाली. मग ओगराळं माझ्या हातात देऊन ती खुर्चीत टेकली. मी तिच्या भातावर तूप घातलं, वाटी घेऊन साइडबोर्डकडे वळले, तशी तीही अर्धवट वळली, हात लांब करून पातेल्याच्या कडेला बोटं लावून बघितली आणि म्हणाली, "हं, वाढ."